उतारावरची फलंदाजी : मोठ्या खेळाडूंचे शेवटचे हंगाम

(यवतमाळ येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्याकडून नागपूरला जाताना बुटीबोरी मागे पडली की जामठ्याचं स्टेडियम दिसतं. एसटीच्या खिडकीतून तुम्ही सगळ्यांनीच ते पाहिलंय. आजच्या विषयाची निम्मी उदाहरणं त्या एका शहरात घडली आहेत, म्हणून सुरुवात तिथून करतो.

३१ ऑक्टोबर १९८७. जामठा तेव्हा नव्हतं, सामना सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर होता. विश्वचषक, समोर न्यूझीलंड. सुनील गावस्कर ३८ वर्षांचे, अंगात ताप. कसोटीत ३४ शतकं केलेल्या या माणसाचं एकदिवसीय सामन्यात एकही शतक नव्हतं. त्या दिवशी त्यांनी ८५ चेंडूंत शतक ठोकलं आणि नाबाद १०३ वर संपवलं. पाच दिवसांनी वानखेडेवर उपांत्य सामना झाला. त्यात ते ४ धावांवर त्रिफळाचीत झाले आणि कारकीर्द तिथंच संपली. आता मला सांगा, या माणसाची उतरण लागली होती की नव्हती? त्याच वर्षी मार्चमध्ये बंगळूरला, चेंडू हातभर वळणाऱ्या खेळपट्टीवर, शेवटच्या कसोटीत त्यांनी ९६ केल्या होत्या. गावस्कर उतरण लागायच्या आधी उतरले. असं करणारे फार थोडे.

बाकीच्यांचं काय होतं, ते आज बघायचं आहे. आधी शरीराचं गणित उरकून घेऊ.

ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला जवळपास ३९ मीटर जातो. गोलंदाजाच्या हातापासून बॅटपर्यंतचं अंतर साधारण साडेसतरा मीटर. टप्पा पडल्यावर वेग थोडा कमी होतो हे धरलं, तरी फलंदाजाकडे सगळे मिळून अर्धा सेकंद असतो. त्यातला पाचवा भाग सेकंद नुसता डोळ्यांनी पाहून मेंदूनं हुकूम सोडण्यात जातो. राहिलेल्या वेळात पाय हलवायचा आणि बॅट आणायची. वयानं डोळे एकदम जात नाहीत, मंडळी. सेकंदाचे दोन-तीन शतांश इकडेतिकडे होतात, तेवढंच. पण तेवढ्यानं पुढचा पाय पूर्ण पोचत नाही, बॅट आणि पॅड यांच्यात फट राहते. म्हणून उतरत्या काळातला फलंदाज कसा बाद होतो ते बघत जा. स्लिपमध्ये झेल तर तरुणपणीही जातात. तो सरळ चेंडूवर बोल्ड व्हायला लागला, की समजावं.

राहुल द्रविडचं उदाहरण घ्या. २०११ च्या इंग्लंड दौऱ्यात संघ चारही कसोटी हरला, आणि हा ३८ वर्षांचा माणूस चार कसोटींत ४६१ धावा आणि तीन शतकं करून आला. सहा महिन्यांच्या आत ऑस्ट्रेलियात त्याच्या चार कसोटींत १९४ धावा झाल्या आणि आठपैकी सहा डावांत तो बोल्ड झाला. ज्याला आपण भिंत म्हणायचो, त्याच्या भिंतीतून चेंडू जायला लागला. मार्च २०१२ मध्ये त्यानं निवृत्ती जाहीर केली. त्यानं स्वतःचा निकाल स्वतः वाचला, असं मला वाटतं.

आता सचिन. (हशा) हसू नका, या विषयावर आपल्याकडं घरात भांडणं झालेली आहेत.

जानेवारी २०११ मध्ये केपटाऊनला त्यानं ५१ वं कसोटी शतक केलं. ती त्याची १७७ वी कसोटी. त्यानंतर तो आणखी २३ कसोटी खेळला आणि त्यांत एकही शतक नाही. या २३ कसोटींत १२२९ धावा, सरासरी ३२ च्या आसपास. पण संपूर्ण कारकिर्दीची सरासरी किती घसरली? ५७ च्या जवळून ५३.७८ वर आली. म्हणजे तीन-साडेतीन धावा. ही गोम नीट समजून घ्या. कारकिर्दीची सरासरी ही मोठ्या तलावासारखी असते. वरून पाणी यायचं थांबलं, तरी पातळी लवकर खाली गेलेली दिसत नाही. पडद्यावर फलंदाजाच्या नावाखाली ५४ हा आकडा झळकतो आणि आपल्याला वाटतं, आहे की अजून. कुस्तीत असं नसतं. आखाड्यात पैलवानाची पाठ लागली की ती सगळ्या गावाला दिसते. क्रिकेटमध्ये आकडेच म्हातारपण झाकतात.

दुसरी गोष्ट विक्रमाची. सचिनचं ९९ वं आंतरराष्ट्रीय शतक १२ मार्च २०११ ला झालं. कुठं? जामठ्यालाच, विश्वचषकात, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. शंभरावं १६ मार्च २०१२ ला, मीरपूरला, बांगलादेशविरुद्ध. मध्ये एक वर्ष आणि चार दिवस. त्या वर्षात तो ओव्हलवर ९१ ला गेला, वानखेडेवर ९४ ला गेला, आणि प्रत्येक वेळी देशानं हळहळून टाकलं. संघ हरला की जिंकला, हे कुणी विचारेना. जामठ्याचा तो सामना आपण हरलो होतो, मीरपूरचाही हरलो. कपिल देवच्या बाबतीत आधी हेच झालं होतं. रिचर्ड हॅडलीचे ४३१ बळी ओलांडायचे म्हणून थांबणं चाललं. फेब्रुवारी १९९४ मध्ये अहमदाबादला ते ओलांडले, आणि ४३४ वर कपिल संपला. जवागल श्रीनाथ तोवर बाहेर बसून वाट पाहत होता. म्हाताऱ्या खेळाडूच्या शेवटच्या हंगामाची किंमत कुणीतरी तरुण भरतो. त्याचं नाव धावफलकावर नसतं, म्हणून ती दिसत नाही.

आपण कापूसवाले लोक, तर आपल्या भाषेत सांगतो. फरदड माहीत आहे ना? जानेवारीत पीक काढायचं सोडून, पाणी देऊन उभं ठेवायचं, आणखी एक वेचा निघेल या आशेनं. निघतोही. पण रुई हलकी निघते, आणि त्या उभ्या झाडांवर गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत मुक्काम करते. कृषी खातं दरवर्षी सांगतं, फरदड घेऊ नका. तरी घेतो आपण, कारण डोळ्यासमोर बोंडं दिसत असतात. निवड समितीचं तेच होतं.

मग काहून कोणी सांगत नाही? सांगतात. संदीप पाटील तेव्हा निवड समितीचे अध्यक्ष होते. त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं, की १२ डिसेंबर २०१२ ला समितीनं सचिनला भेटून पुढचा विचार विचारला होता, आणि तेव्हा त्याच्या मनात निवृत्ती नव्हती. दुसऱ्या दिवशी नागपूरची कसोटी सुरू झाली. त्याच महिन्यात त्यानं एकदिवसीय क्रिकेट सोडलं. पाटील स्वतः मुंबईचे, शिवाजी पार्कचे. त्या माणसाला सचिनला हे विचारताना काय वाटलं असेल, याचा विचार करा. आपल्या घरात वडिलांना मोटारसायकल चालवू नका म्हणून सांगताना जीभ अडखळते. हे तर त्याहून अवघड.

परदेशात वेगळं नाही. अमेरिकेत बेसबॉल म्हणजे आपलं क्रिकेट. तिथला बेब रूथ १९३५ मध्ये चाळिशीला बोस्टनच्या दुसऱ्या संघाकडून खेळत होता. धावता येईना, फटका लागेना. मे महिन्यात पिट्सबर्गला एका दिवशी त्यानं तीन होमरन मारले. होमरन म्हणजे आपला षटकार समजा. आठवडाभरात त्यानं खेळ सोडला. विली मेज १९७३ मध्ये ४२ वर्षांचा असताना अंतिम मालिकेत चेंडू पकडताना धडपडला, आणि तिकडं आजही कुणी उशिरा निवृत्त झालं की त्याचं नाव निघतं. सहाशेच्या वर होमरन मारलेल्या माणसाची ही आठवण! हा अन्याय आहे. शेवटच्या दोन वर्षांनी आधीची वीस पुसली जात नाहीत.

आता उलट बाजू. कर्नल सी. के. नायडू, जन्म १८९५, नागपूर. म्हणजे आपले. भारताच्या पहिल्या कसोटीचं कर्णधारपद मिळालं तेव्हाच ते ३६ वर्षांचे होते. पन्नाशीत त्यांनी होळकर संघाकडून रणजीच्या अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध २०० धावा केल्या. आणि १९५६-५७ मध्ये, साठी ओलांडल्यावर, उत्तर प्रदेशाकडून रणजी खेळले. राजस्थानविरुद्ध ८४ केल्या, विनू मंकडसारख्या गोलंदाजाला षटकार मारले. त्या काळी रणजीत वेग कमी होता, क्षेत्ररक्षण सैल होतं, हे खरंच आहे. पण हेही लक्षात घ्या, की वेग कमी झाला तर तो अर्धा सेकंद लांबतो, आणि मग अनुभव कामाला येतो. गोलंदाजाच्या मनगटावरून चेंडू ओळखण्याची कला साठीतही शाबूत असते.

वसीम जाफरनं हेच ओळखलं. भारताकडून शेवटची कसोटी २००८ ला. मुंबई सोडून तो विदर्भाकडं आला, तेव्हा बऱ्याच जणांनी म्हटलं की हा पेन्शनीत आला. २०१७-१८ मध्ये विदर्भानं पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. मार्च २०१८ मध्ये, चाळिशी पूर्ण झाल्यावर, नागपुरात इराणी चषकात जाफरनं २८६ धावा केल्या. पुढच्या हंगामात हजारावर धावा आणि पुन्हा करंडक. कसोटीतला वेग त्याला झेपला असता का, हा प्रश्नच त्यानं स्वतःला विचारला नाही. जिथं आपला हात अजून पुरतो, तिथं तो जाऊन उभा राहिला. आणि विदर्भाच्या पोरांना मोठा डाव कसा बांधायचा, हे पलीकडच्या टोकाला उभं राहून बघायला मिळालं. इथं म्हातारा खेळाडू तरुणांची जागा अडवून बसलेला नव्हता, त्यांना घडवत होता. एकाच वयाच्या दोन खेळाडूंत हा फरक कशानं पडतो, तर संघाला त्याची गरज आहे की त्याला संघाची, यानं.

सचिनचा आणखी एक डाव सांगतो, कारण तो फारसा कुणी सांगत नाही. वानखेडेवरचे ७४ आणि ते भाषण सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या दोन-तीन आठवडे आधी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, तो हरियाणातल्या लाहली नावाच्या गावी मुंबईकडून शेवटचा रणजी सामना खेळला. लाहलीची खेळपट्टी हिरवी, चेंडू सकाळभर हलतो. पहिल्या डावात तो बोल्ड झाला, ५ वर. दुसऱ्या डावात मुंबईला २४० हवे होते. चाळीस वर्षांचा सचिन शेवटपर्यंत उभा राहिला, नाबाद ७९, आणि मुंबई जिंकली.

आता प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या रांगेतले आधी विचारा.