नाद सुटल्यावर संध्याकाळचं काय?

जुगार सोडला त्या दिवशी घर सुटकेचा श्वास टाकतं. ॲप काढलेलं असतं, पैसे लावणाऱ्यांचे नंबर पुसलेले असतात, पगाराचं खातं बायकोच्या किंवा वडिलांच्या देखरेखीखाली गेलेलं असतं. मग संध्याकाळ होते. आयपीएलची मॅच साडेसातला सुरू होते, त्याआधी टीम लावायची धांदल असायची. मटका खेळणाऱ्याला ओपनची आणि क्लोजची वेळ घड्याळ न पाहता कळायची. क्लबात जाणाऱ्याची पावलं ठरल्या वेळी ठरल्या गल्लीत वळायची. ती वेळ रोज येतच राहते, आणि आता तिच्यात करायला काही नसतं. दुपारी कामं उरकून फोनवर रमी खेळणाऱ्या बाईचीही हीच गत. तिच्याबद्दल तर कोणी बोलतही नाही.

या मोकळ्या वेळेत काय करावं याबद्दल सल्ले पुष्कळ मिळतात. त्यातले काही इतके चुकीचे असतात की ते पाळणारा माणूस पुन्हा डावावर जाऊन बसतो.

‘निश्चय पक्का हवा, बाकी काही लागत नाही’

निश्चय लागतोच. पण जुगाराचं व्यसन हा स्वभावाचा कमकुवतपणा नाही, आजार आहे. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये त्याला दारू आणि इतर अमली पदार्थांच्या व्यसनांच्या पंगतीत बसवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीतही त्याची वेगळी नोंद आहे. नुसत्या निश्चयावर मधुमेह आटोक्यात ठेव, असं आपण कोणाला सांगत नाही.

बंदीवरही सगळी भिस्त ठेवता येत नाही. आपल्याकडे जुगाराविरुद्धचा कायदा 1887 पासून आहे, आणि तो असतानाच 1960 च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांचा मटका मुंबईभर पसरला. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, मोठ्या कंपन्यांनी ते खेळ थांबवले. हे चांगलंच झालं. पण माणसाच्या आतली ओढ कायद्याने जात नाही.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका जुगाऱ्याचं सूक्त आहे. बायको दुरावलेली, सासू तिरस्कार करते, कोणाला दया येत नाही, असं सगळं त्यात आहे. त्याला शेवटी मिळणारा सल्ला मला फार शहाणपणाचा वाटतो: फासे टाकू नकोस, आणि शेत कस. सोडायचं काय आणि हाती घ्यायचं काय, दोन्ही एकाच दमात सांगितलं आहे.

मात्र हाती काय घ्यायचं हे ठरवण्याआधी जुगार त्या माणसाला काय देत होता, ते पाहावं लागतं. पैसा हे उत्तर क्वचितच खरं असतं. कोणाला छातीत धडधड हवी असते. त्याला ‘बागेत बसून वाचत जा’ म्हणण्यात अर्थ नाही. त्याला तालीम, कबड्डी, पोहणं, रविवारी एखादा गड, गणपतीआधीच्या दिवसांत ढोल-ताशा पथकाचा सराव, असं अंगातून घाम काढणारं काहीतरी लागतं. कोणी अड्ड्यावर जातो तो माणसांसाठी. पत्ते गेले की त्याची मित्रमंडळीही एका फटक्यात जाते. त्याच्यासाठी एकट्याने करायचा छंद म्हणजे शिक्षाच. भजनी मंडळ, ग्रामस्वच्छतेचं श्रमदान, सकाळी चालायला जाणारा गट, किंवा 1957 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या आणि आता भारतातही सभा भरवणाऱ्या ‘गॅम्बलर्स ॲनॉनिमस’सारखी संगत, जिथे कोणीतरी आपली वाट पाहतं, अशी जागा त्याला हवी. तिसऱ्याला फक्त विसर हवा असतो: घरातली भांडणं, नोकरीतला अपमान, जुनं दुःख. हातांना आणि डोळ्यांना पूर्ण गुंतवणारं काम त्याला सोसतं. स्वयंपाक, सुतारकाम, पेटी शिकणं, कुंड्यांमधली झाडं. त्याच्या दुःखावर मात्र समुपदेशकाबरोबर बसूनच काम व्हायला हवं, झाडं ते करणार नाहीत.

आणि काही जण जुगारातून आशा विकत घेतात. उद्या नशीब उघडेल, ही भावना त्यांना आजचा दिवस ढकलायला पुरते. हिची भरपाई सगळ्यांत अवघड. थोडं थोडं वाढताना दिसेल असं काहीतरी त्यांच्यासमोर असावं लागतं: अर्धवट सुटलेली पदवी, वाहन चालवण्याचा परवाना, पोस्टातलं छोटं आवर्ती खातं.

‘मन रमेल असं काही शोध, म्हणजे जुगार आठवणार नाही’

सगळ्यांत जास्त माणसं या गैरसमजापायी खचतात. सोडल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत कशातच मन रमत नाही. माणूस मुलीबरोबर कॅरम खेळतो, टेकडीवर जाऊन येतो, आणि त्याला सगळं अळणी लागतं. ‘मला आता जगण्यात गोडीच उरली नाही’, असा निष्कर्ष काढून तो परत फिरतो.

या अळणीपणामागे मेंदूचं काम आहे. वुल्फ्राम शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये माकडांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर खूण दिसली की थोड्या वेळाने रस मिळे. कधी नक्की, कधी शक्यता कमी-जास्त. रस मिळण्याची शक्यता बरोबर निम्मी असे, तेव्हा वाट पाहण्याच्या त्या क्षणांत डोपामिनच्या पेशींची हालचाल सर्वाधिक चढत जाई. म्हणजे मिळेल की नाही या टांगणीलाच मेंदू सगळ्यांत जास्त प्रतिसाद देतो. जुगाराचा सगळा धंदा या टांगणीवर उभा आहे. रोज शेकडो वेळा ती अनुभवलेल्या मेंदूला कॅरम फिका वाटणारच. यात त्या माणसाचा किंवा त्याच्या मुलीचा काही दोष नाही.

मग करायचं काय? इथे नैराश्याच्या उपचारातली एक पद्धत कामी येते. पीटर लुइन्सन या मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात मांडलं की माणसाच्या दिवसातून समाधान देणाऱ्या गोष्टी गळून गेल्या की नैराश्य वाढतं, आणि ते वाढलं की उरल्यासुरल्या गोष्टीही गळतात. यातून बाहेर पडताना आधी कृती, मागून भावना. इच्छा होण्याची वाट पाहायची नाही, वेळ ठरवून ती गोष्ट करायची. 1996 मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नैराश्यात विचार बदलण्याच्या पूर्ण उपचाराइतकाच गुण नुसत्या या कृतीच्या भागानेही येतो. जुगार सोडणाऱ्या कित्येकांना नैराश्य असतंच, म्हणून हे त्यांनी जरूर वापरून पाहावं.

वहीत आदल्या रात्री लिहायचं: उद्या साडेसहाला घराबाहेर, सातला मैदान, साडेआठला जेवण. वेळ जुगाराचीच निवडायची, कारण पोकळी तिथेच आहे. सकाळी सहाला योगासनं करून संध्याकाळी साडेसातला रिकामा बसलेला माणूस धोक्यात असतो. केल्यानंतर समोर दहापैकी गुण द्यायचे, किती बरं वाटलं. पहिल्या आठवड्यात दोन आणि तीन येतील. येऊ द्यावेत. त्यातली एखादी गोष्ट हळूहळू पाचावर जाते, तिचा हात धरायचा.

‘पैसे न लावता खेळलं तर काय बिघडतं?’

बिघडतं. 2009 मध्ये ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या चित्रणातून दाखवलं की थोडक्यात हुकलेला डाव मेंदूतल्या जिंकल्यावर जागणाऱ्या भागांनाही चेतवतो. हुकल्याचं वाईट वाटतं, तरी आणखी खेळावंसं वाटू शकतं. फुकटच्या रमीतही पत्ता एका नंबरने हुकतोच.

याहून वाईट सल्ला म्हणजे ‘त्यापेक्षा शेअर बाजारात डोकं लाव’. म्युच्युअल फंडातली दरमहाची छोटी रक्कम वेगळी. पण हा माणूस वळतो तो ऑप्शन ट्रेडिंगकडे. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. तीच टांगणी, तोच ‘लॉस रिकव्हर’ करण्याचा हट्ट, फक्त घरच्यांना सांगायला प्रतिष्ठित नाव.

‘एकवीस दिवस काढले की सवय लागते’

हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 च्या पुस्तकातून पसरला. चेहऱ्यातले बदल अंगवळणी पडायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी साध्या रोजच्या सवयी मोजल्या तेव्हा सरासरी 66 दिवस निघाले, आणि माणसामाणसांतलं अंतर 18 पासून 254 दिवसांपर्यंत. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नव्हता. बाविसाव्या दिवशीही मैदानावर जायचा कंटाळा आला तर आपण नापास झालो, असं समजू नये.

‘आधी कर्ज फिटू दे, छंद मग’

हे ऐकायला जबाबदारीचं वाटतं. पण दोन पाळ्या करून, रविवारीही राबून थकलेला, उपाशी, चिडलेला माणूस एकटा पडला की सगळं कर्ज एका डावात फेडण्याचं स्वप्न परत डोकं वर काढतं. कर्जाचा हिशेब घरच्यांसमोर मांडून हप्ते ठरवावेत आणि दिवसातला एक तास त्या हिशेबाबाहेर ठेवावा. सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी, पालिकेचं मैदान, गावातली तालीम यांना फार पैसे पडत नाहीत.

कर्जाच्या ओझ्याखाली मरणाचे विचार येणं या आजारात दुर्मीळ नाही. तसे विचार आले तर छंदाची वही बाजूला ठेवून लगेच 14416 वर फोन करावा. केंद्र सरकारची ही टेली-मानस सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलते. घरच्यांनीही करावा.

‘त्याला सतत गुंतवून ठेवा’

घरच्यांची ही धडपड समजते. पण वडिलांनी लावलेला क्लास आणि बायकोने लादलेला योग फार टिकत नाही. निवड त्याची असावी लागते. घराने सोबत करावी आणि धोक्याचे दिवस आधी ओळखावेत: पगाराचा दिवस, आयपीएलचे दोन महिने, गोव्याच्या सहलीचा बेत आणि विशेषतः दिवाळी. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ‘शकुनाचे दोनच डाव’ म्हणून पत्ते काढणारे काका बहुतेक घरांत असतात. त्यांना वसुबारसेच्या आधीच फोन करून सांगावं की यंदा आमच्याकडे पत्ते निघणार नाहीत. त्या रात्री जेवणानंतर काय करायचं, हे जुगार सोडलेल्या माणसालाच ठरवू द्यावं आणि सगळ्यांनी त्यात बसावं.