फिनलंडच्या जुन्या फोटोंतलं रान

फिनलंड म्हटलं की डोळ्यांपुढे न संपणारं हिरवं जंगल येतं. देशाची सुमारे पाऊण जमीन आज जंगलाखाली आहे. पण इंटो कोनराड इन्हा या छायाचित्रकाराने १८९३ मध्ये पूर्व फिनलंडातील एनो येथे काढलेला फोटो पाहा. धुरात उभी माणसं, हातात लांब दांडकी आणि पुढ्यात जळते ओंडके. वणवा विझवताहेत असं वाटेल. तसं नाही, ही पेरणीची तयारी चालली आहे!

या शेतीला तिकडे 'कास्की' म्हणतात. आपला कोकणातला शेतकरी भाताच्या रोपासाठी राब भाजतो, तिथे अख्खं रान भाजत. झाडं तोडायची, वाळू द्यायची, मग पेटवायची. जळते ओंडके जमिनीवरून लोळवत न्यायचे, म्हणजे भाजणी सगळीकडे सारखी होते. त्या राखेत राय पेरायची. (ही आपली मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य आहे.) तिला फुटवे इतके येत की बी अगदी विरळ टाकलं तरी भागे. दोन-चार पिकं निघाली की जमिनीचा कस संपला. मग ती जागा वीस-तीस वर्षे पडीक सोडायची आणि दुसरीकडे कुऱ्हाड लावायची. वस्ती कमी होती तोवर हे जमलं. पुढे खाणारी तोंडं वाढली, पडीक ठेवण्याची मुदत आखडत गेली आणि रान पुन्हा उभं राहीनासं झालं.

त्याच १८९३ साली एरो यार्नेफेल्ट या चित्रकाराने लापिनलाहती भागात याच कामाचं मोठं चित्र रंगवलं. त्यासाठी त्याने आधी फोटोही काढले होते. काजळीने माखलेल्या तोंडाची एक पोरगी चित्रातून थेट आपल्याकडे बघते. ती त्या शेतावरची मोलकरीण. भाजणीचं काम अशा बिनजमिनीच्या माणसांच्याही वाट्याला येई.

जंगल उजाड करण्यास १८८६ च्या कायद्याने मनाई झाली होती. पण माझ्या मते खरं काम केलं ते लाकडाच्या भावाने. १८५७ पासून वाफेवर चालणाऱ्या लाकूड गिरण्यांना परवानगी मिळू लागली, लाकडाला परदेशी गिऱ्हाईक आलं आणि झाड जाळण्यापेक्षा विकणं परवडू लागलं.

त्यानंतरच्या फोटोंत धुराऐवजी बर्फ आणि घोडे दिसतात. थंडीत शेतात काम नसे. शेतकरी आपला घोडा घेऊन लाकूडतोडीच्या मजुरीवर जाई. बर्फावरून घसरगाडीने ओंडके नदीकाठी आणायचे आणि बर्फ वितळून पाणी चढलं की प्रवाहात सोडायचे. मग आकडीच्या लांब काठ्या घेऊन माणसं अडकलेले ओंडके मोकळे करीत. या कामगारांवर १९२३ मध्ये एर्की कारू यांनी मूकपटही काढला. सिनेमात काम मर्दुमकीचं दिसतं, पण बर्फाच्या पाण्यात दिवसभर भिजणं हौसेचं नव्हतं. केमियोकी या उत्तरेकडील मोठ्या नदीत ओंडके सोडणं १९९१ मध्ये थांबलं.

फोटोत न दिसणारं एक काम सांगायलाच हवं. १९२१ ते १९२४ या काळात इर्यो इल्वेसालो यांच्या देखरेखीखाली साऱ्या देशाच्या जंगलाची मोजणी झाली. ठराविक अंतरावर सरळ रेघा आखून पथकं पायी चालत गेली आणि वाटेतली झाडं मोजली. झाडोरा किती, वर्षाला वाढतो किती, हे समजलं. तोड किती करायची याचा हिशेब तेव्हापासून आकड्यांवर बसला. ग्रामपंचायतीत नोंदी ठेवणाऱ्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

आणि मालकी? तिथल्या कुळांना १९१८ च्या कायद्याने कसत्या जमिनी विकत घेण्याचा हक्क मिळाला. लाकूड देणाऱ्या जंगलापैकी आज निम्म्याहून अधिक जंगल खासगी कुटुंबांचं आहे.

अशा फोटोंचा आणि फिल्मांचा मोठा साठा पुंकाहार्यु येथील 'लुस्तो' या वनसंग्रहालयात आहे. ते १९९४ मध्ये सुरू झालं. एनोच्याच मुलखात कोली राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे जुनी पद्धत आणि तिच्यामुळे उगवणारी बर्चची बनं टिकावीत म्हणून थोडंसं रान मुद्दाम भाजतात आणि राखेत राय अन् सलगम पेरतात.