घरचा राऊटर (भाग ६) : एका पेटीतली दोन कार्डे

१९९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत आणि कॅनडात घरोघरी केबल मोडेम पोचू लागले आणि अडगळीत पडलेल्या ४८६ यंत्रांना नवे काम मिळाले. घरात संगणक दोन-तीन, इंटरनेटची जोडणी मात्र एकच. लिनक्स राऊटर प्रोजेक्टची अख्खी प्रणाली १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीत मावत असे. जुन्या यंत्रात दोन नेटवर्क कार्डे बसवायची. एकाला मोडेमची केबल, दुसऱ्याला घरच्या हबची. पण दुसरे कार्ड बसवले की आधी नीट चालणारे पहिलेही गप्प होई, हा अनुभव तेव्हा सर्रास येत असे.

कार्ड बहुधा खराब नसे. जुन्या आयएसए पद्धतीच्या प्रत्येक कार्डाला दोन गोष्टी स्वतंत्र लागतात : प्रोसेसरने त्याच्याशी बोलायचा पोर्टचा पत्ता आणि कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची इंटरप्टची तार, म्हणजे आयआरक्यू. नॉव्हेलच्या एनई२००० या कार्डाच्या स्वस्त नकला बाजारात भरपूर होत्या आणि त्या बहुतेक ३०० या हेक्स पत्त्यावरच ठरवून आलेल्या असत. एकाच दुकानातून दोन घेतली, तर दोन्ही एकाच पत्त्यावर उत्तर देणार, हे ठरलेलेच.

दोन्ही भांडणांची लक्षणे वेगळी असतात, आणि ती ओळखता आली की निम्मे काम झाले. पत्ता भिडला, तर कार्ड सापडतच नाही किंवा सुरू होताना त्याचा हार्डवेअर पत्ता भलताच दिसतो. आयआरक्यू चुकला, तर कार्ड व्यवस्थित सापडते, हार्डवेअर पत्ताही बरोबर असतो, पण पिंगला उत्तर येत नाही आणि पडद्यावर ‘ट्रान्समिट टाइम्ड आउट’ उमटते. अशा वेळी प्रॉक डिरेक्टरीतली इंटरप्ट्स ही फाइल उघडावी. केबलवर वाहतूक असूनही कार्डासमोरचा आकडा शून्यावरच असेल, तर हाक प्रोसेसरपर्यंत पोचत नाही, हे उघड आहे. तिथल्याच आयओपोर्ट्स फाइलमध्ये कोणी कुठला पत्ता अडवला आहे, ते दिसते. कार्डे काढून पुन्हा पुन्हा खोचत बसण्यापेक्षा या दोन फाइली वाचणे केव्हाही बरे.

एनई२००० कार्ड सलग ३२ पत्ते व्यापते. पहिले ३०० वर असेल, तर त्याची हद्द ३१एफपर्यंत जाते. दुसऱ्याला ३२० किंवा ३४० द्यावा. ३६० मात्र टाळावा. तो मोकळा भासतो, पण त्याची हद्द ३७एफपर्यंत असते आणि ३७८ वर प्रिंटरचे पोर्ट बसलेले असते.

इंटरप्टच्या तारांची टंचाई याहून मोठी. १९८४ च्या पीसी/एटीत अशा १५ तारा वापरता येतात आणि त्यांतल्या घड्याळ, कळफलक, फ्लॉपी यांच्या आधीच ठरलेल्या. ३ नंबर कॉम२ चा. ज्यांचा मोडेम कॉम२ वर आणि कार्डही ३ वर, त्यांच्याकडे मोडेम कामाला लागला की नेटवर्क अडखळे. ५ वर साउंड कार्डाचा हक्क. राऊटरला साउंड कार्ड कशाला हवे? ते काढून टाकावे, न लागणारी सीरियल आणि प्रिंटर पोर्टे बायोसमधून बंद करावीत. बहुधा १० आणि ११ मोकळे सापडतात. आयएसएवर एक तार दोन कार्डांत वाटता येत नाही, पीसीआयवर येते. म्हणून एक कार्ड आयएसए आणि दुसरे पीसीआय असेल, तर आयएसएचा आयआरक्यू बायोसमध्ये ‘लेगसी आयएसए’साठी राखून ठेवावा लागतो.

खरी परीक्षा जंपर नसलेल्या कार्डांची. त्यांची मांडणी कार्डावरच्या छोट्या स्मृतिचिपमध्ये साठवलेली असते आणि ती बदलायला डॉसच्या फ्लॉपीवरचा, कार्डासोबत मिळालेला प्रोग्रॅम लागतो. दोन्ही कार्डे आत ठेवून तो चालवला, तर बदल नेमका कोणात होतोय याचा भरवसा राहत नाही. म्हणून यंत्र बंद करून एकच कार्ड बसवावे, त्यातले प्लग अँड प्ले बंद करावे, ३०० आणि १० लिहावे. मग ते काढून दुसऱ्यात ३२० आणि ११. हे नंबर कार्डाच्या धातूच्या पट्टीवर लगेच चिकटवून टाकावेत. स्लॉटमध्ये गेल्यावर दोन जुळी कार्डे ओळखता येत नाहीत.

एवढे झाल्यावरही लिनक्सला दुसरे कार्ड दिसेलच असे नाही. कर्नल २.० पहिले कार्ड सापडताच शोध थांबवतो. ड्रायव्हर कर्नलमध्येच असेल, तर सुरू होताना ‘ईथर=०,०,ईटीएच१’ ही सूचना द्यावी लागते. मॉड्यूल असेल, तर दोन्ही पत्ते स्वल्पविराम देऊन एकाच ओळीत लिहायचे. त्या ओळीतला पहिला पत्ता ईटीएच० होतो, दुसरा ईटीएच१. हा क्रम कागदावर नोंदवून ठेवावा, कारण पुढच्या आठवड्यात फायरवॉलचे नियम लिहिताना मोडेमकडचे कार्ड कोणते आणि घराकडचे कोणते, हे पक्के माहीत असावे लागेल.