कोंबडीमुळे पिकअपवर बसलेला कर

पिंपळनेरला कांद्याचा लिलाव असला की पांझरेकाठच्या या गावात सकाळपासून ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगा लागतात. साक्री तालुक्यातला कांदा याच गाड्यांवर लादून गावाबाहेर पडतो. या पिकअपबद्दलची एक गोष्ट मला पहिल्यांदा कळली, तेव्हा खरीच वाटेना. बाहेरच्या बहुतेक देशांत बनलेली अशी गाडी अमेरिकेत विकायला नेली, तर तिच्यावर 25 टक्के आयातशुल्क बसतं. ते 1964 सालापासून चालत आलंय, आणि ते बसलं कोंबडीमुळे!

झालं असं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कोंबड्या कारखान्यासारख्या वाढवल्या जाऊ लागल्या. चिकन इतकं स्वस्त झालं की जहाजं भरभरून पश्चिम जर्मनीत जाऊ लागलं. तिथले कोंबडीवाले हवालदिल झाले, आणि 1962 मध्ये युरोपच्या सामायिक बाजारपेठेने अमेरिकी कोंबडीवर जबर कर चढवला. बोलणी फिसकटली. डिसेंबर 1963 मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि छोटे ट्रक अशा चार वस्तूंवर उलटा कर लावला. ब्रँडीचा चटका फ्रान्सला, ट्रकचा जर्मनीच्या फोक्सवॅगनला. यालाच प्रतिशुल्क म्हणतात: तू माझ्या मालावर कर लावलास, मी तुझ्या मालावर लावतो.

बाकीच्या तीन वस्तूंवरचा कर पुढे उठला. ट्रकवरचा राहिला, कारण त्याच्या सावलीत वाढायची सवय अमेरिकी गाडीवाल्यांना लागली होती. गंमत म्हणजे पुढे त्याची झळ अमेरिकेच्याच फोर्ड कंपनीला लागली. तुर्कस्तानात बनवलेल्या मालवाहू व्हॅन ही कंपनी मागच्या सीटा बसवून, प्रवासी गाड्या म्हणून अमेरिकेत आणायची आणि उतरवून घेतल्यावर त्या सीटा काढून टाकायची! कोंबडी विकणाऱ्या शेतकऱ्याच्या पदरात मात्र काही पडलं नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

प्रतिशुल्काचं हे शस्त्र आपणही चालवलंय. 2018 मध्ये अमेरिकेने पोलादावर 25 आणि ॲल्युमिनियमवर 10 टक्के कर लावला. भारताने 16 जून 2019 पासून 28 अमेरिकी वस्तूंवर प्रतिशुल्क लावलं. त्यात बदाम, अक्रोड, हरभरा, मसूर आणि सफरचंद होतं. भांडण लोखंडाचं आणि मार बागेला! पण निवड विचारपूर्वक होती. बदाम कॅलिफोर्नियाचा, सफरचंद वॉशिंग्टन राज्याचं. तिथल्या बागायतदारांनी आपल्या लोकप्रतिनिधींकडे ओरड करावी, हा हिशेब.

सफरचंदावरचं शुल्क 50 वरून 70 टक्क्यांवर गेलं. 2018-19 मध्ये सुमारे 1 लाख 28 हजार टन अमेरिकी सफरचंद भारतात आलं होतं. 2022-23 मध्ये आलं जेमतेम साडेचार हजार टन. घाव वर्मी बसला होता. पण मग ती जागा घेतली कोणी? काश्मीर-हिमाचलच्या बागायतदाराला ती मोकळी मिळाली नाही. तुर्कस्तान, इराण, इटली अशा देशांचा माल आत शिरला. सप्टेंबर 2023 मध्ये आपण ते जादा शुल्क मागे घेतलं. बदल्यात आपल्या पोलाद-ॲल्युमिनियमला अमेरिकेत थोडी वाट मिळाली. चार वर्षांनी का होईना, शस्त्राने काम केलं. मला वाटतं, ते चाललं कारण आपला माणूस सफरचंदासाठी एकट्या अमेरिकेवर अवलंबून नव्हता.

याची दुसरी बाजू चीनने दाखवली. 2018 मध्ये त्याने अमेरिकी सोयाबीनवर 25 टक्के प्रतिशुल्क लावलं आणि खरेदी ब्राझीलकडे वळवली. अमेरिकी सरकारला आपल्या शेतकऱ्यांना सावरायला दोन वर्षांत सुमारे 23 अब्ज डॉलर वाटावे लागले. पैसे देता आले; तुटलेलं गिऱ्हाईक परत आणणं त्याहून कठीण.

पिंपळनेरच्या कांदा उत्पादकाला हे शिकवायला नको. 29 सप्टेंबर 2019 ला आपल्या सरकारने कांद्याची निर्यात थांबवली. काही दिवसांनी दिल्लीत आलेल्या बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना भर सभेत म्हणाल्या की, मी स्वयंपाक्याला कांदा घालू नकोस असं सांगितलंय. सभा हसली, पण त्या हसण्यात तक्रार होती. 2020 मध्ये पुन्हा बंदी आली. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क आलं, डिसेंबरमध्ये परत बंदी. याच काळात बांगलादेशने आपल्या संत्र्यावरचं आयातशुल्क किलोमागे 20 रुपयांवरून 88 रुपयांपर्यंत नेलं. त्यामागे कांद्याचा राग आहे, असं महाराष्ट्रात उघड बोललं गेलं. ढाक्याचं कारण काहीही असो. कांदा अडला नाशिक-धुळ्याचा आणि संत्री पडून राहिली अमरावती-नागपूरची.

शेतीमालाचं वेगळेपण इथेच आहे. लोखंड गोदामात वर्षभर थांबतं. संत्रं झाडावर थांबत नाही, आणि उन्हाळ कांदा चाळीत फार तर काही महिने टिकतो, तोही वजनात घटत, सडत. दोन सरकारं वाटाघाटीला बसेपर्यंत हंगाम निघून गेलेला असतो.

ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचा जादा कर 50 टक्क्यांवर नेला, तेव्हा भारताने प्रतिशुल्क लावलं नाही. उलट कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क 19 ऑगस्टपासून उठवलं आणि ती सवलत पुढे 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. कापडगिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा, हा हेतू. पण तेच महिने खान्देशात कापूस वेचणीचे. कर लावला तरी शेतकरी, उठवला तरी शेतकरीच मध्ये सापडतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. शेतीच्या भांडणात प्रतिशुल्क शहाणपणाचं ठरतं ते दोनच अटींवर: तो माल आपल्याला दुसरीकडून मिळत असावा, आणि कर मागे कधी घ्यायचा हे लावतानाच ठरलेलं असावं. ही दुसरी अट पाळली नाही की काय होतं, ते अमेरिकेतल्या ट्रकवरचा कर साठ वर्षं सांगतोय. यापुढे कोणी ‘जशास तसं’ म्हणालं, तर टाळी वाजवण्याआधी एवढंच विचारा: या रागात कोणाचा माल चाळीत सडणार आहे, आणि त्याची भरपाई कोण देणार आहे?