पंचावन्न वर्षांची रांग

म्हाडाच्या मुंबई मंडळाने २०२४ मध्ये २,०३० घरांची सोडत काढली. अनामत रक्कम भरून आलेले अर्ज १ लाख १३ हजारांहून अधिक. दरवर्षी एवढ्याच घरांची सोडत निघाली आणि नवा अर्जदार एकही आला नाही, असं धरलं तरी ही रांग संपायला पंचावन्न वर्षं लागतील. आज पंचविशीत असलेला शेवटचा अर्जदार तेव्हा ऐंशीचा असेल. घर मिळेल, पण कर्ज कोण देणार?

परवडणारं घर ही जबाबदारी कोणाची, असं या पंचविशीतल्या मुलांना विचारलं की बहुतेकांचं बोट सरकारकडे जातं. फुकट नको, हप्ता आम्ही भरू, पण झेपेल असा ठेवा, एवढंच त्यांचं म्हणणं. घरातली मोठी माणसं मात्र म्हणतात, बाहेरचं खाणं कमी करा, मोबाइल बदलू नका, होईल घर.

होईल का? सरकारचेच दोन आकडे घेऊ. म्हाडाच्या लेखी मुंबईत वर्षाला ६ लाखांपर्यंत कमावणारं कुटुंब अत्यल्प उत्पन्न गटात येतं. आणि जीएसटीच्या लेखी ‘परवडणारं’ घर म्हणजे ४५ लाखांपर्यंतचं. ही मर्यादा २०१९ मध्ये ठरली. महिना ५० हजारांतले २० हजार हप्त्याला काढले, तर साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी कर्ज बसतं २३ लाख. उरलेले २२ लाख महिना १० हजारांनी साठवायला अठरा वर्षं हवीत, आणि तोवर किंमत तिथेच थांबायला हवी! वर मुद्रांक शुल्क सहा टक्के, म्हणजे २ लाख ७० हजार, आणि नोंदणीचे ३० हजार. सहा महिन्यांचा अख्खा पगार सरकारजमा. ज्याच्याकडे जबाबदारी मागायची, त्याचाच गल्ला आधी भरायचा. बाहेरचं खाणं बंद करून यातलं काय भरून निघतं, ते मला तरी दिसत नाही.

बरं, शहरात घरंच नाहीत म्हणावं, तर तसंही नाही. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरं रिकामी सापडली. कोणी गुंतवणूक म्हणून कुलूप लावलेली, कोणी भाडेकरू पुढे निघणार नाही या धास्तीने. २०२४ च्या मापाने मोजलं तर ही २३६ वर्षांच्या सोडतींची घरं झाली. त्याच जनगणनेत शहरातले ५० लाखांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत होते.

सरकारकडे बोट दाखवणं म्हणजे आयतं मागणं, असं मला वाटत नाही, ते मुंबईतल्या बंद पडलेल्या कापड गिरण्यांमुळे. गिरणगावात सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्यातला साधारण तिसरा हिस्सा म्हाडाच्या घरांसाठी ठेवला, तेवढाच मोकळ्या जागांसाठी. २००१ मध्ये नियम बदलला: वाटणी फक्त गिरणीच्या आवारातल्या मोकळ्या जमिनीची. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल उचलून धरला. जिथे शेड उभ्या होत्या, ती जमीन वाटणीतून गेली आणि तिच्यावर मॉल, टॉवर आले. मूळचे २०० एकर हाती राहिले असते तर? १.३३ चटईक्षेत्र निर्देशांक आणि घरामागे ४० चौरस मीटर बांधकाम धरलं, तर सत्तावीस हजारांच्या आसपास घरं. तेरा वर्षांच्या सोडती, आणि त्याही लालबाग-परळमध्ये.