ऐकता ऐकता (भाग ११) : पेटीत भरलेली रात्र

दिवाळीला भाचा पुण्याहून आला तो बगलेत एक काळी-करडी पेटी घेऊन. मंडप-डेकोरेशनवाले ज्या पत्रा ठोकलेल्या पेटीतून अ‍ॅम्प्लिफायर आणतात, तिचंच हे पुठ्ठ्याचं पिलू. ओसरीवर ती उघडली तर आत तीन सीडी, तीन व्हिडिओ कॅसेट, बहात्तर पानांचं फोटोंचं पुस्तक, रंग फवारून भिंतीवर चित्र काढायचा साचा आणि गळ्यात अडकवायच्या पासाची नक्कल. आमच्या आईने साचा उजेडात धरून पाहिला. "हे कायचं डबडं व्हय रे बापा?"

डबडं मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचं. १९९३ साली निघालेला त्यांच्या मैफलींचा बॉक्स सेट. त्याचं नाव चारचौघांत मोठ्यानं वाचण्याजोगं नाही, म्हणून इथे देत नाही. सीडींवर मेक्सिको सिटीतल्या १९९३ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या मैफली आहेत, कॅसेटांवर सिॲटल (१९८९) आणि सॅन डिएगो (१९९२). भाच्याने हा संच जुन्या बाजारातून घेतला. त्या व्हिडिओ कॅसेटा लावायला आमच्या वलगावात आता यंत्र सापडणार नाही, हे त्यालाही माहीत आहे. "मामा, त्या लावायच्या नसतात, ठेवायच्या असतात," तो म्हणाला. देवघरातल्या पोथीबद्दल आमचे वडील हेच म्हणायचे.

मागच्या आठवड्यात आपण बंद खोलीतलं ध्वनिमुद्रण पाहिलं. गाणारा काचेच्या अलीकडे, यंत्रं पलीकडे, चुकलं की पुन्हा. मग हजारो लोकांच्या आरडाओरड्यात, घामात, एकदाच झालेलं गाणं कोणाला कशाला विकत हवं असतं? तेही घरी त्याच गाण्याची स्वच्छ प्रत असताना?

एक कारण सरळ पोटापाण्याचं आहे. हेवी मेटलला रेडिओने फारसं दारात उभं केलं नाही. हे बँड जगले दौऱ्यांवर, तमाशाचे फड जत्रांवर जगतात तसे. फडाचा वग कागदावर वाचून कळत नाही. तो कनातीत बसूनच कळतो. मेटलचंही तसंच. म्हणून त्यांच्याकडे मैफलीची तबकडी ही मूळ तबकडीची उरलीसुरली पुरवणी नसते. पुष्कळांच्या मते तीच खरी प्रत.

दुसरं कारण मला स्वतःला उमगलं ते एका फजितीतून. कॉलेजात असताना गावच्या भजनी मंडळाचा सवाल-जबाबाचा एक चक्री सामना मी टेपरेकॉर्डरवर भरायला घेतला होता. कॅसेट साठ मिनिटांची, म्हणजे एका बाजूला तीस. बरोबर तिसाव्या मिनिटाला, समोरच्या मंडळाने सवाल टाकला आणि आमच्या म्हाताऱ्या बुवांनी जबाबासाठी तोंड उघडलं, तेव्हा बटण खटकन वर आलं. कॅसेट पलटेस्तोवर जबाब होऊन गेला होता. ती कॅसेट अजून आहे. तीत सवाल आहे आणि मग एकदम हशा.

मोठमोठ्या बँडांनाही हाच खटका आडवा येत असे. तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटंच नीट मावतात. डीप पर्पल हे या घराण्यातले थोरले काका. त्यांनी १९७२ च्या ऑगस्टमध्ये १५ आणि १६ तारखेला ओसाका, १७ ला टोकियो अशा तीन रात्री जपानात वाजवलं. त्यातून 'मेड इन जपान' हा दोन तबकड्यांचा संच निघाला. चार बाजू, गाणी फक्त सात, आणि शेवटच्या गाण्याने अख्खी एक बाजू खाल्लेली. सातांपैकी चार गाणी १६ तारखेची, दोन १७ ची. १५ तारखेचं एकच, पण ते सगळ्यात गाजलेलं. म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं आपण एका मैफलीत बसलोय, आणि बसवलेलं असतं तीन रात्रींच्या गोधडीवर.

सीडी आली, जागा वाढली आणि १९९३ मध्ये त्याच तीन रात्रींचा तीन सीडींचा संच निघाला. थोडंफार वगळलं, बाकी सगळं रात्रीनिहाय. बॉक्स सेटची खरी मौज इथे सुरू होते. एकच गाणं लागोपाठ तीन रात्री ऐकायला मिळतं. परवा जिथे गिटारवाला घाईत होता तिथे काल तो रेंगाळला, आज गायकाने त्याची थट्टा केली. एखादा कीर्तनकार तोच अभंग वलगावला, आष्टीला आणि शिराळ्याला कसा लावतो हे मागोमाग फिरून ऐकणारे शौकीन आमच्याकडे असत. लोक त्यांना रिकामटेकडे म्हणत. पेटी विकत घेणारे तेच आहेत, फक्त पैसे मोजून.

आता हे भरतात कसं, ते पाहू. मंचावर ढोलांना, गिटारींच्या स्पीकरांना, गळ्यांना मिळून वीस-तीस माइक असतात. प्रत्येक माइकची वायर मंचावरच दुभंगते. नळाला टी लावून एक तोटी न्हाणीत आणि एक गोठ्यात नेतात तशी. एक वाट जाते मैदानातल्या भोंग्यांकडे, दुसरी मागे उभ्या असलेल्या गाडीत. त्या गाडीत प्रत्येक माइकचा आवाज वेगवेगळ्या पट्टीवर भरला जातो. डीप पर्पलच्या वेळी अशा आठच पट्ट्या होत्या, पुढे चोवीस झाल्या, आता संगणकावर शंभरही चालतात. वेगळं भरल्याचा फायदा असा की नंतर सावकाश बसून ढोल वर, गिटार खाली असं तोलता येतं. माझ्या टेपरेकॉर्डरला एकच कान होता. त्यात बुवांच्या गळ्याइतकाच जवळच्या पोराचा खोकला मोठा.

सगळ्यात अवघड असते गर्दी भरणं. आमच्या पेढी नदीच्या पलीकडच्या काठावर कपडे धुणारी बाई पाहा. धुणं दगडावर आपटलेलं आधी दिसतं, आवाज मागून येतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. मंचापासून शंभर मीटरवर उभ्या माणसाला ढोल पाव सेकंदाहून जास्त उशिरा ऐकू येतो, त्याची टाळी तेवढीच उशिरा पडते, आणि ती मंचाकडे परत पोचेस्तोवर आणखी तेवढाच उशीर. हजारोंच्या टाळ्या अशा घसरत येतात. म्हणून गर्दीसाठी वेगळे माइक लावतात आणि नंतर त्यांचा आवाज अलीकडे सरकवून तालाशी जुळवतात. तबकडीत ऐकू येणारी ती एकमुखी गर्जना मैदानात कोणीच तशी ऐकलेली नसते.

इथून रफू सुरू होतं आणि भांडणंही. ज्यूडस प्रीस्ट या बँडच्या १९७९ च्या टोकियो मैफलींच्या तबकडीतला गळा नंतर स्टुडिओत पुन्हा गायलेला आहे, हे गायक रॉब हॅलफर्डनेच पुढे कबूल केलं. चाहत्यांनी तबकडीच्या नावावर कोट्या केल्या, पण तबकडी टाकली नाही. माझं मत विचाराल तर चुकलेला सूर दुरुस्त केला म्हणून माझी तक्रार नाही. लग्नाच्या फोटोत नवरीच्या गालावरचा डास कोणी ठेवत नाही. पण टाळ्या बाहेरून आणून चिकटवल्या असतील तर ती मैफल मेलीच. गाणं बँडचं असतं, पण रात्र गर्दीची असते.

भाच्याला हे पटवून द्यावं लागत नाही. त्याच्याकडे दुसराही एक संच आहे, इंग्लंडच्या आयर्न मेडनचा 'फ्लाइट ६६६', २००९ चा. हा बँड २००८ मध्ये भाड्याचं बोइंग ७५७ विमान घेऊन दौऱ्यावर निघाला. माणसं आणि मंचाचं सामान एकाच विमानात, आणि विमान चालवायला खुद्द गायक ब्रूस डिकिन्सन. पंचेचाळीस दिवसांत तेवीस मैफली. संचात सोळा गाणी आहेत आणि ती सोळा वेगवेगळ्या शहरांतली. पहिलं गाणं, 'एसेस हाय', मुंबईचं. १ फेब्रुवारी २००८, वांद्रे-कुर्ला संकुलाचं मैदान, दौऱ्याची पहिलीच रात्र. पुढे मेलबर्न, टोकियो, बोगोटा, साओ पाउलो वगैरे.

गाणं १९४० च्या ब्रिटिश वैमानिकांवर आहे, म्हणून त्याआधी चर्चिलच्या भाषणाचा तुकडा वाजवतात. वांद्र्याच्या मैदानात चर्चिल भोंग्यावरून बोलला आणि आपल्या पोरांनी आरोळ्या ठोकल्या. १९४२ च्या 'चले जाव' चळवळीत आष्टी-चिमूरला इंग्रज सरकारच्या गोळ्या झेलणाऱ्यांनी हे ऐकून कपाळावर हात मारला असता.

भाचा तेव्हा मुंबईत शिकत होता. दोन महिन्यांचा मेसचा डबा तोडून तिकीट काढलं म्हणे. आम्हाला हे पंधरा वर्षांनी कळलं. "मामा, या आरड्यात मी आहो," असं तो छातीवर हात ठेवून सांगतो. आईने विचारलं, "त्यातला तुहा आवाज कोनता?" त्याने बोट वर करून एक जागा दाखवली. मला तिथे फक्त वादळ ऐकू आलं.

वांद्रे म्हटलं की वलगावच्या माणसाला मात्र दुसरीच मैफल आठवते. गाडगेबाबांचं शेवटचं कीर्तन १९५६ च्या नोव्हेंबरात वांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात झालं. ते टेपवर भरलेलं आहे. जन्म अंजनगाव-सुर्जीजवळच्या शेंडगावचा, हयात सगळी रस्त्यावर. आणि तो आवाज टेपच्या फितीवर चढला तेव्हा हाती दीड महिना उरला होता. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीला नेत असताना आमच्या गावाजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी, बाबांनी देह ठेवला. आमच्या घरून पायी जाता येईल इतकी ती जागा जवळ.

त्या ध्वनिमुद्रणात वेगवेगळ्या पट्ट्या नाहीत, रफू नाही. आवाज थकलेला, मध्येच चिरकणारा, बोली शुद्ध वऱ्हाडी. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी १९५२ मध्येच बाबांचं चरित्र लिहिलं होतं. पण ते कितीही चांगलं असलं तरी कीर्तन कागदावर बसत नाही, हे ही फीत ऐकली की दुसऱ्या मिनिटाला कळतं. कारण बाबा बोलतात ते अर्धंच. ते प्रश्न टाकतात आणि थांबतात. देव, कर्ज, शाळा, दारू, जे असेल ते. उत्तर समोरच्यांनी द्यायचं. उत्तर पुटपुटलेलं आलं तर तोच प्रश्न पुन्हा. मग गोपालाचा गजर, टाळ्या, पुन्हा प्रश्न. कागदावर प्रश्न उतरतो. ती थांबायची जागा उतरत नाही. डिकिन्सन माइक गर्दीकडे वळवतो तेव्हा तो जे मागतो, तेच बाबा माइक न वळवता मागत. फरक एवढाच की मेडनच्या गर्दीला उत्तर पाठ असतं. बाबांच्या गर्दीला ते त्याच वेळी मनात शोधावं लागे, आणि ते शोधताना झालेली शांतताही फितीवर भरली गेली आहे.

भाऊबीजेच्या संध्याकाळी हे मी भाच्याला सांगत होतो. त्याने पटकन मोबाइलवर ते कीर्तन शोधलं आणि मेटॅलिकासाठी ओसरीवर मांडलेल्या स्पीकरला जोडलं. आई आत ज्वारी पाखडत होती. पोर असताना ती एकदा बाबांच्या कीर्तनाला बसली होती, वडिलांच्या खांद्यावर झोपून गेली होती, एवढंच ती सांगते. स्पीकरमधून तो चिरका आवाज आला तशी सुपाची सळसळ थांबली. बाबांनी प्रश्न टाकला. टेपमधल्या लोकांचं उत्तर यायच्या आधी आतून आईचं आलं, ठणठणीत, "नाही!"

भाचा उडालाच. त्याने बोटाने ती जागा मागे ओढून पुन्हा लावली. बाबांनी तोच प्रश्न पुन्हा टाकला, टेपमधल्या लोकांनी तेच उत्तर दिलं, आतून मात्र काही आलं नाही. त्याने तिसऱ्यांदा लावलं. सूप हातात घेऊन आई दारात आली.

"घडी घडी काहून लावतं रे? एकडाव उत्तर देल्लं नं मी."