खिडकीसमोरचा आरसा

रमजानचा शेवटचा अशरा लागला की मोहल्ल्यातल्या घरांतून चुन्याचा, रंगाचा वास येऊ लागतो. ईदला शीरखुर्म्यासाठी गावातले सगळेच येणार. पण खोल्या दोन, खिडकी एक. रंग दिला तरी अंधार तसाच. अशा घराला आरसा स्वस्तात उजेड देतो.

त्यासाठी नक्षीदार चौकटच हवी असे नाही. काचवाल्याकडे कापून उरलेले तुकडे असतात. मोडीत निघालेल्या लोखंडी कपाटाचा लांब आरसाही चालतो. कडा तेवढ्या घासून घ्याव्यात. भिंत ओलसर असेल तर मागे पट्ट्या लावून फट ठेवावी, नाहीतर पाठीचा मुलामा काळा पडतो. खिडकीसमोर किंवा तिच्या लगतच्या भिंतीवर लावला की उजेड आतपर्यंत पोचतो. बारीक तुकडेही वाया जात नाहीत. आमेरचा शीशमहल तुकड्यांचाच, आणि कच्छमध्ये बायका मातीच्या भिंतीत आरशाच्या टिकल्या बसवतात.

एक पथ्य मात्र असते. आपल्याकडे किब्ला पश्चिमेला. त्या भिंतीवर शक्यतो आरसा नको. असलाच तर नमाजच्या वेळी त्यावर ओढणी टाकतात. अल्लाहसमोर उभे राहताना नजर आपल्याच चेहऱ्यावर जायला नको.

खर्चाचाही क्रम ठरलेला आहे. ईदच्या नमाजआधी घरातल्या प्रत्येकामागे फितरा द्यायचा, म्हणजे गरिबाच्या घरीही त्या दिवशी चूल पेटते. तो बाजूला काढून जे उरेल, त्यातच आरसा.